तणाचं औषध

डब्याचं झाकण उचकटलं आणि रघुजीनं तोंड फिरवलं. रॉकेल, फिनेल आणि त्याच्याखाली काहीतरी गोडसर कुजल्यासारखा वास. औषधाच्या कंपनीतून आलेला सुधींद्र मात्र खुशीत होता. त्यानं तपकिरी औषध मापानं काढून बादलीत ओतलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"बादलीला एकच माप," तो रघुजीला म्हणाला. "गवताला काही होत नाही. रुंद पानाचं तण तेवढं पिळवटून मरतं."

क्लबचे सेक्रेटरी वासुदेवराव नाकाला रुमाल लावून चार हात लांब उभे होते. एकसष्ट सालचा मार्च चालू होता आणि महिनाअखेर क्लबचा वार्षिक मेळावा होता. त्याच्या आत त्यांना हिरवळ स्वच्छ हवी होती.

"मेंबरांची पोरं इथं लोळतात," ते म्हणाले. "त्यांना बाधणार नाही ना?"

सुधींद्रनं बादलीत बोट बुडवलं आणि सरळ जिभेवर ठेवलं. "बघा राव. झालं काही?"

वासुदेवराव हसले. रघुजीनं पुन्हा तोंड फिरवलं. तीस वर्षं तो या बागेत शेण, हाडांचा चुरा, कुजलेला पाला हातानं कालवत आला होता, पण कुठल्या वासाला त्यानं कधी तोंड फिरवलं नव्हतं. झारी भरून त्यानं अर्धी हिरवळ शिंपली.

दुसऱ्या बादलीसाठी तो अवजारांच्या खोलीमागच्या नळावर गेला. तिथं सुधींद्र ओणवा झाला होता. साबणाची वडी जिभेवर घासत होता, बोटं घशात घालून ओकाऱ्या काढत होता. रघुजीची चाहूल लागताच त्यानं तोंड पुसलं.

"स्वल्प कडू असतं," तो म्हणाला. "रावांना सांगायची गरज नाही."

"सरी," रघुजीनं होकार भरला. तो शब्द इतक्या पटकन तोंडातून गेला की त्याला स्वतःचीच शिसारी आली.

बादली भरून, त्यात एक माप औषध कालवून तो परतला तर शिंपलेल्या अर्ध्या भागात ठकुबाई आणि तिची सून चंपा उकिडव्या बसल्या होत्या. रोजच्यासारख्या मागच्या फाटकातून आल्या होत्या. दोघी खुरप्यानं तण काढायच्या, आणि त्यातली घोळीची भाजी निवडून घरी न्यायच्या. ठकुबाईची ओटी एव्हाना भरली होती.

"आज दव फार पडलंय रघुजीअण्णा," ती म्हणाली. "भाजी आयती धुऊन निघाली."

रघुजीनं बादली खाली ठेवली. चंपाचा गाल हलत होता.

"काय खातेस?"

"आंबुटी. आंबट लागते."

"थुंक."

ती हसली.

"थुंक म्हणतो ना." त्यानं तिच्या हनुवटीखाली हात धरला. त्याचा चेहरा बघून तिचं हसू गेलं. तिनं तोंडातला हिरवा लगदा त्याच्या तळहातावर टाकला. तो गरम होता, आणि लाळेतूनही तोच गोडसर वास येत होता.

त्यानं तिला नळावर नेलं. दहा वेळा चूळ भरायला लावली, गिळलंस का म्हणून विचारत राहिला. थोडं गिळलं असेल, असं ती म्हणाली. ठकुबाई मागून बडबडत आली. "तुम्हीच उपटून टाकायला सांगता ना? मग आम्ही दोन पानं नेली तर तुमचं काय गेलं?"

"अक्का, ते दव नाही. औषध आहे. तणाला मारायचं."

ठकुबाईनं ओटीकडे पाहिलं. मग लुगड्याचा ओला सोगा दोन बोटांत धरून अंगापासून लांब केला.

रघुजीनं तिच्या ओटीतली भाजी काढून घेतली, केळीच्या सोपटानं जुडी बांधली आणि व्हरांड्यात गेला. तिथं वासुदेवराव आणि सुधींद्र कॉफी घेत बसले होते. त्यानं जुडी सुधींद्रपुढे धरली.

"आपल्या घरी न्या साहेब. ताजी आहे. डाळ घालून करायला सांगा."

सुधींद्रनं जुडीकडे पाहिलं. पानांवरून पांढुरका थेंब ओघळून टेबलावर पडला. त्यानं कपबशी मागे ओढली आणि हात मांडीखाली घातले.

"आमच्याकडे ही भाजी कुणी खात नाही," तो म्हणाला.

"बाहेर एकीनं असाच पाला खाल्लाय. साहेब, तुम्ही नळावर साबणानं जीभ घासत होता, तशी तिची घासायची का, तेवढं सांगा."

वासुदेवराव सुधींद्रकडे बघत होते, सुधींद्र बागेकडे. मग रावांनी कप खाली ठेवला.

"त्या बाईला दूध पाजा. आठवडाभर येऊ नका म्हणावं दोघींना."

"आणि उरलेली हिरवळ?"

"उन्हं चढायच्या आत उरकून टाक." ते उठले, दोन पावलं गेले आणि वळले. आवाज उतरला होता. "रघुजी, आमच्या क्वार्टरमागे मेथी आहे. तिकडे झारी नेऊ नकोस."

रघुजी खाली आला. चंपा पायरीवर पोट धरून बसली होती, ठकुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्यानं बादली उचलली. ही हिरवळीवर टाकायची नाही, एवढं त्याचं ठरलं होतं.

गटाराकडे निघाला. पण गटार पुढं तळ्याला मिळत होतं, आणि तिथं वस्तीतल्या बायका भांडी घासायच्या. तो खताच्या खड्ड्याकडे वळला. त्या खतावर भोपळे येत. जांभळाखाली विहीर होती. कुंपणापलीकडे गायी चरत होत्या.

काठोकाठ भरलेली पांढरी बादली हातात धरून तो बागेच्या मधोमध उभा राहिला.