मुलासमोर

सासूबाईंच्या मानेतली गाठ कॅन्सरची निघाली, पण तो मुळात सुरू कुठून झाला तेच कळेना. छाती, पोट, आतडी, सगळं पालथं घालूनही डॉक्टरांच्या हाती काही लागलं नाही.

"आता मूत्राशय तेवढं राहिलंय. आजी, लघवीतून कधी रक्त गेलं का?"

सासूबाईंनी शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे चोरून पाहिलं. "छे! कधीच नाही."

"मग तिथली दुर्बिणीची तपासणी तूर्त थांबवू," डॉक्टर म्हणाले.

बाहेर येताच सासूबाईंनी सुनेला बाथरूमपाशी ओढलं. सासूबाई तिच्या कानाशी लागल्या.

"अगं, या वयात मेली माझी पाळी परत सुरू झालीये. डॉक्टरांना नको हं सांगूस."