बाहेरचं रक्त

सुनंदाबाईंच्या घराण्यात तीनशे वर्षांत बाहेरून काही आलं नव्हतं. ना रक्त, ना रोग. शहाण्णव साली मात्र सहा वर्षांचा नातू प्रणीत आधी जिना चढेना, मग मान धरेना. बंगळुरात जयनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पेशींना शक्ती पुरवणारे मायटोकाँड्रियाच नासलेत. औषध नाही. आणि हा दोष आईकडूनच येतो, बापाकडून नाही.

सुनंदाबाईंना तेवढ्यातही हायसं वाटलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्या सुनेला म्हणाल्या, “सरी, ठीक. म्हणजे आमच्याकडचं नव्हेच हे. तुझ्या आईनं धाडलंय.”

कमलानं मांडीवरच्या लेकाची मान सावरली. “आणि आईला कुणी दिलं, आज्जी?”



बाहेरचं रक्त नको, म्हणून सुनंदाबाईंनी मुलाला थोरल्या लेकीचीच मुलगी करून घेतली होती.