साते मुरायला ठेवले

नवऱ्यानं हात उचलला की दुसऱ्या दिवशी तो साते करायचा, हे त्या घरात ठरूनच गेलं होतं. जहाजावर स्वयंपाकी असताना शिकलेला प्रकार. गवती चहा, हळद नि आल्याच्या वाटणात रात्रभर मुरलेलं चिकन बांबूच्या काड्यांना टोचायचं, गॅलरीत निखाऱ्यांवर भाजायचं, आणि शेंगदाण्याच्या दाट चटणीत बुडवून पहिली काडी बायकोच्या तोंडाशी धरायची. "खा गं राणी. माझंच डोकं फिरलं होतं." सासूबाई आपलं ताट पुढे ओढत म्हणायच्या, "हात सुटतो एखाद्याचा. पण नंतर एवढं करणारा नवरा दाखव मला!" सुजलेल्या ओठाला तिखट झोंबायचं, तरी ती विरघळायची. आपल्याला मारून हा मेला रात्रभर झोपत नाही, रडत रडत मसाला वाटत बसतो, असंच तिला वाटायचं.

त्या शनिवारी दुपारी दूध ठेवायला तिनं फ्रीज उघडला. मागच्या बाजूला डबा होता. झाकण काढलं, तर आत पिवळंधमक चिकन वाटणात मुरत पडलेलं. आठवडाभर घरात कुणाचा साधा आवाजसुद्धा चढला नव्हता.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "आज तर आपल्यात काहीच झालं नाही."

"नाही ना," तो म्हणाला, आणि त्यानं शेजाऱ्यांच्या बाजूची खिडकी लावून घेतली.