डाव्या हाताचे फूल

राजवाड्यातल्या नर्तकींना मी पोशाखात शिवायचे. जरीचा कपडा अंगावरच टाके घालून घट्ट करावा लागतो. तालमीला रोज सुईदोरा घेऊन समोर बसायचे, त्यामुळे नाच मला पाठ झाला. लढाई संपली तेव्हा नाचणारे कोणी उरले नव्हते. "कुणाला नाच येतो का?" असे विचारत माणसे आली आणि मी हात वर केला. तेव्हापासून मी गुरूबाई.

तीस वर्षांनी परदेशातून केसोरताई आल्या. त्यांना मी शंभर वेळा पोशाखात शिवले असेल. त्या लढाईत गेल्या असे मी धरून चालले होते.

त्या चटईवर बसल्या आणि माझ्याकडे शिकणाऱ्या मुली नाचू लागल्या. नाचातले पहिलेच बोटांचे फूल मुलींनी डाव्या हाताने उमलवले. ताईंची मान झटकन वर झाली, आणि तेव्हा कुठे मला कळले. राजवाड्यात ते फूल उजव्या हाताने उमलते. मी समोर बसून शिकले होते, आरशात पाहावे तसे, आणि तीस वर्षे तेच शिकवत आले होते.

"आजी, तुम्हाला येतं का नाचायला?" एका मुलीने ताईंना विचारले.

"यायचं गं. आता गुडघे साथ देतील तेवढंच."

मला मान वर करवेना. एका मुलीच्या खांद्याचा टाका उसवला होता, तो घालत बसले.

दोरा तोडून वर पाहिले, तर ताई मुलींच्या रांगेत जाऊन उभ्या होत्या. माझ्याकडे एकदा पाहिले आणि त्यांनी फूल उमलवले, डाव्या हाताने.