साहेबाचे वडील

“तिकीट काढताना हे एवढं नव्हतं.” तपासनीसांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागदावर बोट ठेवलं.

जहाजाच्या काउंटरवरची मुलगी हसली. दिवसभर हसून हसून तिचं हसू विटलं होतं. “सेवाशुल्क आहे, काका. या महिन्यापासून वाढलंय. दर माणशी, दर दिवशी.”

“आणि नाही दिलं तर?”

मुलगी घुटमळली. “तसं ऐच्छिक आहे. पण सहसा कोणी...”

“काढून टाक.”

बायकोने हळूच त्यांची बाही ओढली. “अहो, असू द्या ना. सगळे देतात.”

“सगळे देतात म्हणूनच वाढतं!” हे ते मुद्दामच मोठ्याने बोलले. रांगेतल्या दोघा-चौघांनी माना डोलावल्या.

तपासनीस म्हणजे बसखात्यातले जुने तिकीट तपासनीस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नजर तीच. समोरचा फसवणारच, इथूनच सुरुवात. जहाजाची ही सहल मात्र त्यांच्या खिशातली नव्हती. एकुलता एक मुलगा याच कंपनीच्या किनाऱ्यावरच्या ऑफिसात साहेब होता. साहेब लोकांच्या आईवडिलांना तिकिटात मोठी सवलत मिळते, म्हणून त्याने हट्टाने दोघांना पाठवलं होतं. वरखर्चाचं बिलही त्याच्याच पगारातून कापलं जाणार होतं. पोराच्या कमाईला लागलेली ही गळती बापाला बघवेना.

केबिन आवरणाऱ्या माणसाच्या कानावर ते दुसऱ्याच दिवशी गेलं. उशीचा अभ्रा चढवता चढवता तो थांबला.

“काका, आमचं काही चुकलं का?”

“तुझं नाही. कंपनीचं चुकलं.”

“तो पैसा सगळ्यांत वाटला जातो हो. खाली तळाला माणसं आहेत, ती तुम्हाला कधी दिसायची नाहीत. त्यांचा मूळ पगार नुसता नावाला. या वाट्यावरच त्यांची घरं चालतात.”

“हे बघ, माझा मुलगा तुमच्या कंपनीत साहेब आहे. कोणाला काय मिळतं ते मला नको शिकवूस.”

माणूस काहीतरी बोलणार होता. मग त्याने चादरीची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली आणि तो निघाला. “अहो, साबण संपलाय,” असं म्हणत बायको त्याच्यामागे गेली. बऱ्याच वेळाने परतली, ती साबणाशिवायच.

“काय गं, मिळाला नाही?”

“हं?” ती म्हणाली. “नाही.” आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली.

जेवणघरात तपासनीसांचा आता दरारा वाढला होता. लोक टेबलापाशी येऊन विचारत, नक्की कुठे जायचं, काय बोलायचं. तेही समजावून सांगत. बघता बघता त्यांच्या मजल्यावरच्या निम्म्या केबिनींनी बिलातून सेवाशुल्क काढून टाकायला लावलं. वाढपी अजूनही अदबीने वाकत होते, पण पूर्वीसारखी थट्टामस्करी करत नव्हते. बायको तर पानात घास नुसता चिवडायची.

“दिलं असतं तर काय बिघडलं असतं?” एकदा ती अचानक म्हणाली.

“तुला पोराची काळजी नसेल, मला आहे.”

यावर तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांना पाण्याचा पेला उचलावा लागला.

रोज संध्याकाळी मुलाचा फोन यायचा. बायको घाईघाईने बोलून फोन त्यांच्या हातात द्यायची.

“बाबा, मजेत ना? जेवण आवडतंय?”

“जेवण झकास. पण तुमची कंपनी लुटारू आहे रे!” तपासनीसांनी सगळी हकीकत रंगवून सांगितली. काउंटर, रांग, निम्मा मजला. “तुझ्या बापाने एकट्याने मोहीम उघडलीय, बोल!”

पलीकडे बराच वेळ नुसती घरघर ऐकू आली.

“ऐकतोयस ना? आवाज कसला येतोय?”

“एसी आहे, बाबा. जुना झालाय.” मग तो म्हणाला, “बरं केलंत.”

तपासनीसांची छाती फुगली. साहेबाने शाबासकी दिली होती.

दुपारी हमखास आडवी होणारी बायको आताशा दुपारीच वाऱ्याला जाऊ लागली होती. येताना डोळे लाल. “खारा वारा झोंबतो,” म्हणायची. सहलीच्या शेवटच्या दुपारी आभाळ भरून आलं, तशी तपासनीसांनी तिची शाल घेतली आणि शोधायला निघाले. डेकवर कोणी नव्हतं. खुर्च्या ओल्या, रिकाम्या. परत फिरले तर मजल्याच्या टोकाला, एरवी कुलूपबंद असणारं नोकरांचं दार किलकिलं दिसलं. आतून तिचा आवाज आला.

त्यांनी फटीतून पाहिलं. लोखंडी जिन्याच्या पायरीवर बायको बसली होती. तिच्या खालच्या पायरीवर, दाराकडे पाठ करून, रबरी एप्रन घातलेला कुणी भांडी घासणारा. कोपरापर्यंत ओला, पायात गमबूट. बायको त्याच्या मुठीत नोटा कोंबत होती आणि तो त्या परत सारत होता.

तपासनीसांचं डोकं सणकलं. म्हणजे आपण पै पै वाचवायची आणि हिने ती चोरून यांच्यावर उधळायची! त्यांनी दार ढकलायला हात उचलला.

“ठेव गं, आई,” तो माणूस म्हणाला. “फक्त या महिन्यात घरी पैसे थोडे कमी येतील. बाबांनी विचारलं तर सांग, साहेबांच्या ऑफिसात सध्या काटकसर चाललीय.”