करडी

आमच्यात घोड्याला नाव देत नाहीत. तांबडी, काळी, करडी, अशी रंगानंच हाक मारायची. नाव असतं ते माणसाला.

आणि माझ्या नवऱ्यानं करड्या घोडीला चक्क माझं नाव दिलं. बेगाइम! लग्नाला नऊ वर्षं झाली, मला मात्र आजवर नुसतं 'अगं'.

"जळतेस कशाला? सवत गवत खातेय, तुझ्या ताटातलं नाही," सासूबाई हसल्या.

मी मुद्दाम तिला करडीच म्हणायचे.

उन्हाळी कुरणावर आल्यापासून तो तासन्‌तास तिच्याशी बोलायचा आणि तंबूत आला की मुका.

आमच्यात घोडीचंही दूध पितात. आज दुपारी मी तिची धार काढायला बसले. आधी शिंगरू लावलं, तरी ती पान्हा सोडेना. "सोड की सटवे!" म्हणत मी एक चापट मारली. तिनं सावकाश मान वळवली आणि घरच्या बाईनं मोलकरणीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात चढावरून नवऱ्याची हाक आली, "बेगाइम!"

"आले हं!"

आवाज माझाच होता. पण मी तोंड उघडलंच नव्हतं.

तो लगबगीनं खाली आला आणि घोडीच्या कपाळावरची झुलपं मागे सारत म्हणाला, "दमलीस का गं?"

"अहो, मी इथं आहे!" मी ओरडले.

त्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं. मग हातातलं दावं उलगडत, जीभ टाळ्याला लावून टकटक करत तो हळूहळू माझ्याकडे आला.

"हो, करडे, हो. बिचकू नकोस."