तालाबाहेरचा ड्रम

सतरा वाजवणाऱ्यांना बोटावर नाचवणारा आपला लेक बघून स्टुडिओत बसलेल्या आईची मान ताठ झाली होती. त्याच्या जाझ अल्बममधलं हे सगळ्यात मिश्कील गाणं. ट्रम्पेटं खिदळत होती आणि मधेच, कुठेही, ड्रम धाडकन वाजायचा. वाजवणारेसुद्धा हसत होते.

"त्या ड्रमवाल्याचं तालाशी भांडण आहे का रे? पिऊन आलाय मेला!"

"मीच तसं लिहिलंय, आई. लहानपणी मला आतल्या खोलीत बसवून तू रेडिओ मोठ्ठा लावायचीस ना? त्यातला बँड अस्साच वाजायचा बघ."

आई हसली नाही.



नवरा तिला भिंतीवर आपटायचा, ते पोराला कळू नये म्हणून ती आधी जाऊन रेडिओ मोठा करायची.